डब्यात भरलेलं ऊन

थोरलीच्या आईबाबांची लाँड्री होती. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत घरच्या माणसांपेक्षा गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा मान मोठा. आभाळ स्वच्छ असलं की गच्चीवर दोऱ्या बांधता यायच्या. हवा बिघडली की सगळा पसारा आत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या आणि दोऱ्यांवर परक्यांच्या चादरी. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी त्या चादरींखालून वाकून चालतच मोठ्या झाल्या. "माझ्या पोरींना ताठ चालता येतं हे मला शाळेच्या संचलनात कळलं," असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं होतं. गिऱ्हाइकांचे कपडे कडकडीत वाळून, इस्त्री होऊन जायचे; घरच्यांचा नंबर शेवटी. दोघींचे गणवेश अंगातल्या उबेनंच वाळायचे. पहिल्या तासाला गार, मधल्या सुट्टीपर्यंत बरे. एकदा बाकावर शेजारी बसणारी मुलगी नाक उडवत म्हणाली, "तुझ्या अंगाला बंद कपाटाचा वास येतो." थोरलीनं तिला धपाटा घातला, बाईंनी थोरलीला कोपऱ्यात उभं केलं आणि विषय मिटला. निदान शाळेपुरता.

पुढे ती कापडाचं रसायनशास्त्र शिकली, त्यात चमकली, आणि पुढच्या शिक्षणासाठी तिला परदेशी जायला मिळालं. तिथे तिला एका जुन्या तिमजली घरात खोली मिळाली. घरात चार विद्यार्थी, चार देशांचे. एकमेकांची नावं कुणालाच धड उच्चारता येत नसल्यानं जो तो आपापल्या अभ्यासाच्या नावानं ओळखला जायचा: नर्स, वकील आणि झाडांच्या रोगांवर अभ्यास करणारा झाडवाला. हिला मात्र त्यांनी विचारलं, घरी तुला काय म्हणतात? तेव्हापासून ती त्यांचीही थोरलीच झाली, फक्त 'तोरली' अशी.

पहिल्याच रविवारी नर्स तिला तळघरात घेऊन गेली. तिथे कपडे धुण्याचं यंत्र होतं आणि त्याच्या शेजारी, गोल काचेच्या दाराचा, एक ड्रायर. थोरलीचा टॉवेल त्यातून बाहेर आला तो भाकरीसारखा फुगलेला आणि गरम. तिनं त्यात तोंड खुपसलं आणि तशीच उभी राहिली.

"बरं वाटत नाहीये का?" नर्सनं काळजीनं विचारलं.

"आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं," टॉवेलातून आवाज आला.

तिनं लगेच घरी व्हिडिओ कॉल लावून यंत्र दाखवलं. आई बराच वेळ त्या गोल काचेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ऊन डब्यात भरून ठेवलंय म्हण की!"

"तू पण आत बसून बघ गं, तायडे," मागून धाकटी ओरडली.

त्यानंतर थोरलीला ड्रायरचं वेडच लागलं. एक मोजा ओला वाटला तरी ती तळघरात पळायची. झोपायच्या आधी पायजमा गरम करून घ्यायची. वाळलेले कपडेसुद्धा, नुसती त्यांना जरा हुशारी यावी म्हणून, एकदा फिरवून काढायची.

हे सगळं झाडवाल्याच्या डोळ्यांवर येत होतं. झाडवाला उंच, किडकिडीत, कोपरांना ठिगळं लावलेल्या एकाच स्वेटरात वर्ष काढणारा. भाजी धुतलेलं पाणी तो कुंड्यांना घालायचा. माणसं बसलेली असताना खोलीतला दिवा मालवायचा. फ्रिजच्या दारावर त्यानं चिठ्ठी डकवली होती: 'दार उघडं ठेवून विचार करू नये.' घरचा मात्र गडगंज. बाप विमानातून फिरायचा आणि पोरगा पायी. माणूस वाईट नव्हता. कुणाचं सामान उचलायचं असलं तर सगळ्यांत आधी तोच धावायचा. पण त्याच्या चांगुलपणाचा जाच व्हायचा.

एका संध्याकाळी त्यानं सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि ड्रायर बंद करण्याचा ठराव मांडला. वीज घरभाड्यातच धरलेली होती, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नव्हता. वाद निव्वळ तत्त्वाचा होता, आणि तत्त्वाचा वाद पैशाच्या वादापेक्षा जास्त चिघळतो.

"आपल्या घरातले सगळे दिवे मिळून जेवढी वीज खात नसतील, तेवढी ते एकटं यंत्र खातं," झाडवाला म्हणाला. "आणि कशासाठी? जे काम हवा फुकट करते त्यासाठी."

"माझे गणवेश?" नर्सनं विचारलं. ती रोज रुग्णालयात कामाला जायची आणि तिथला नियम कडक होता. "ते गरम हवेतच वाळायला हवेत. बाकीचं काय ते तुम्ही ठरवा."

वकील खुर्चीत अर्धा आडवा झाला होता. "पृथ्वीवर माझं फार प्रेम आहे," तो म्हणाला. "तिच्यासाठी मी काहीही करीन. फक्त मला उठायला लावू नका."

मग झाडवाला थोरलीकडे वळला आणि अगदी मनापासून, कौतुकानं म्हणाला, "तुला तर हे सोपं आहे. तुमच्याकडची माणसं अजून निसर्गाच्या जवळ राहतात."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"जवळ? अरे, निसर्ग आमच्या नाकात शिरला होता. भिंतीवरची बुरशी म्हणजे निसर्गच ना? मी अठरा वर्षं ओल्या चादरींखाली झोपलेय. तू ज्याला साधं राहणं म्हणतोस ते आम्ही निवडलं नव्हतं, ते पदरात पडलं होतं. तुझं हे व्रत आहे. नको झालं तर उद्या सोडशील. आईला माझ्या कुठे सोडता येतंय?"

झाडवाल्याचे कान लाल झाले.

"साक्षीदाराचा मुद्दा ग्राह्य," वकील हळूच म्हणाला.

तिथेच संपलं असतं. पण थोरलीला आता चेव चढला होता. "बंद करायचाय ना ड्रायर? करू. पण नर्सचे गणवेश सोडून आपल्या चौघांचे कपडे तू वाळवायचे. दोऱ्याही तूच बांधायच्या. बोल!"

तिला वाटलं, पठ्ठ्या माघार घेईल. तो म्हणाला, "चालेल."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. दुसऱ्या दिवसापासून तळघराला कुलूप लागलं, किल्ली नर्सकडे गेली, धुण्यापुरती मागून घ्यायची, आणि थोरलीचा गार पायजमा थोरलीला परत मिळाला.

झाडवाल्यानं डोंगर चढायच्या जाडजूड दोऱ्या आणल्या आणि स्वयंपाकघरापासून जिन्यापर्यंत घर विणून काढलं. हौस दांडगी, पण हात कच्चा. जीन्स न पिळता टांगल्या. खाली तळं साचलं आणि वकील त्यात घसरला. वकिलाचा लोकरी स्वेटर खांद्यांना चिमटे लावून लटकवला, तो पाण्याच्या वजनानं ओघळत गुडघ्यापर्यंत आला. वकिलानं तो अंगात घालून आरशात पाहिलं. "छान झालं," तो म्हणाला. "आता यात मी आणि माझा अशील दोघंही मावू."

थोरली जिन्यात बसून पोट धरधरून हसली. पण चार कपडे चुकीचे टांगलेले बघून तिचे हात शिवशिवायला लागले. शेवटी तिच्यानं राहवलं नाही.

"अरे, आधी झटक! असा. सुरकुती इथेच गेली पाहिजे. शर्ट उलटा टांग, शेपटाकडून. चिमटा शिवणीवर. आणि दोन कपडे असे एकमेकांना चिकटवून का ठेवलेस? त्यांचं लग्न लावायचंय?"

झाडवाला मुकाट्यानं शिकला. चांगला शिकला. काही दिवस थोरलीही तोऱ्यात होती. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं की तिची विद्या इथे चालत नाही. घरी गच्ची होती, वारा होता. आतल्या खोलीतही खिडक्या सताड उघड्या असायच्या. इथे थंडीमुळे सगळं बंद. कपडे नीट टांगलेले असायचे, पण वाळायचे नाहीत. आंबायचे. एका सकाळी ती आपल्या खोलीत जागी झाली आणि तिला तो वास आला. बंद कपाटाचा. ती उठून बसली आणि सदऱ्याची बाही हुंगून बघत राहिली. मग तिनं सगळे कपडे पिशवीत कोंबले, नर्सकडून किल्ली मागून घेतली, पण तळघराच्या दारापर्यंत जाऊन परत आली. दिलेला शब्द तिचाच होता.

पुढच्या आठवड्यात वकिलाच्या कपाटामागे भिंतीवर काळे-हिरवे ठिपके उमटले. त्या दिवशी वकील पहिल्यांदा स्वतःहून उठला आणि त्यानं घरमालकिणीला फोन केला.

घरमालकीण दोन गल्ल्या सोडून राहायची. बाई ठेंगणी, आवाज तिच्या दुप्पट. विजेरी घेऊन ती कपाटामागे डोकावली, मग दोऱ्यांखालून वाकत वाकत स्वयंपाकघरात आली. एक ओला मोजा तिच्या कपाळाला लागला.

"हे काय चाललंय?"

"प्रयोग," झाडवाला म्हणाला.

"माझ्या भिंतींवर?" ती कडाडली. "तळघरात मी यंत्र कशाला ठेवलंय? बघायला? रविवारपर्यंत ही जाळी उतरली पाहिजेत आणि ती भिंत धुऊन रंगवली पाहिजे. नाहीतर तुम्ही दुसरं घर बघा, तिथे प्रयोग करा."

ती गेल्यावर झाडवाल्यानं एकेक दोरी सोडवली आणि सगळं भेंडोळं मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसला. थोरलीला खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटेना. ती त्याच्या शेजारी बसली.

"तुला एक सांगू? हसशील," तो म्हणाला. "एकोणिसाव्या वर्षी घर सोडेपर्यंत मी धुतलेला मोजा ओला बघितलाच नव्हता. कपडे जमिनीवर टाकायचे आणि घडी होऊन कपाटात यायचे. मधे काय होतं, कोण करतं, मला माहीतच नव्हतं. माझी बहीण म्हणते, तुझं हे सगळं पर्यावरण वगैरे म्हणजे निव्वळ लाज आहे. असेलही."

थोरली हसली, पण वेगळं. "मग आपण सारखेच. मीही लाजेपोटीच ड्रायर लावते." आणि तिनं त्याला शाळेतली ती मुलगी, तो धपाटा आणि कोपरा, सगळं सांगितलं. आजवर तिनं हे धाकटीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"धपाटा जोरात घातला होतास ना?" त्यानं विचारलं.

"बाईंचा खडू पडला आवाजानं."

एवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर आई आणि आईच्या खांद्यावरून डोकावणारे बाबा.

"हा कोण गं मुलगा? आणि एवढ्या दोऱ्या कशाला?"

थोरलीनं थोडक्यात सगळं सांगितलं. आईच्या भुवया वर वर जात राहिल्या.

"मशीन असून वाळत घालतो? गरीब आहे की वेडा आहे?"

"दोन्ही नाही, आई. मनापासून करतो."

"काय म्हणतात?" झाडवाल्यानं विचारलं. थोरलीनं जसंच्या तसं भाषांतर केलं. त्यानं आईला लवून नमस्कारासारखं काहीतरी केलं. आई एकदम विरघळली. "जेवतो की नाही हा? केवढा वाळलाय! कपड्यांच्या आधी हाच वाळला."

मग बाबांनी फोन आपल्याकडे ओढला. त्यांच्याकडे मोठी बातमी होती. आत्या मागे लागली होती, धाकटीनंही लकडा लावला होता, आणि शेवटी त्यांनी ठरवलं होतं: दुकानात ड्रायर घ्यायचा. "दुकानदार तर काय, जो महाग तोच चांगला म्हणतो. त्या मुलाला विचार ना, विजेचा एवढा हिशेब ठेवतो तो. कुठला घेऊ म्हणावं?"

थोरलीनं झाडवाल्याकडे पाहिलं. भाषांतर करावं की नाही, तिला कळेना. शेवटी केलं. झाडवाल्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"मला विचारतायत? ड्रायर कुठला घ्यावा ते?"

"तू नाही सांगितलंस तरी घेणारच आहेत."

तो दोऱ्यांच्या भेंडोळ्याकडे बघत बसला. मग हळूहळू त्यानं विचारायला सुरुवात केली. रोज किती कपडे येतात? वर्षातले किती महिने आत वाळवावे लागतात? यंत्र ठेवणार कुठे, तिथे खिडकी आहे का? बाबा खूश. भावी जावयालाही त्यांनी दुकानाची माहिती एवढ्या उत्साहानं सांगितली नसती. फोन ठेवताना म्हणाले, "पोरगं खोलात जाऊन विचारतं हं."

दोन दिवस झाडवाला ग्रंथालयातून हललाच नाही. वकिलानं त्याची भरपूर खेचली. "आमचा ड्रायर बंद करणारा आता दुसऱ्यांना ड्रायर विकतोय!"

"तुझं खरं आहे," झाडवाला म्हणाला. "पण तिच्या आईनं आयुष्यभर वाकून चालावं आणि मी इथे बसून खूश व्हावं, हे काही मला जमणार नाही. त्यांनी घ्यायलाच हवा. फक्त नीट बघून घ्यावा." आणि त्यानं थोरलीला एका यंत्राची माहिती दिली. कपडे वाळवायला थोडा जास्त वेळ घेणारं, पण गरम हवा बाहेर न सोडता पुन्हापुन्हा वापरणारं. विजेचा खर्च निम्म्याहून कमी.

तिनं ते बाबांना कळवलं. कळवता कळवता तिच्या तोंडून निघून गेलं, "आणि बाबा, गच्चीवरच्या दोऱ्या काढू नका हं. ऊन असेल तेव्हा कशाला मशीन लावायचं?"

बाबा म्हणाले, "एवढ्या लांब शिकायला पाठवलं ते हे? हे तर इथे फुकट शिकवत होतो!"

इकडे रविवार जवळ येत होता. चौघांनी मिळून वकिलाची भिंत घासली, रंगवली. ड्रायर पुन्हा सुरू करायचा हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. झाडवाला अवाक्षर बोलत नव्हता, निमूटपणे ब्रश फिरवत होता. ते बघून नर्सला राहवलं नाही.

"मी हे सांगणार नव्हते," तिनं ब्रश खाली ठेवला. "वर माळा आहे ना, तिथे गरम पाण्याचे सगळे नळ एकत्र येतात. थंडीतही उबदार असतं. दोन्ही टोकांना झरोके आहेत, वारा आरपार जातो. आणि शांत इतकं, की कामावरून आले की मी तिथेच जाऊन झोपते. तुम्हाला वाटतं मी दुपारी ग्रंथालयात असते."

झाडवाल्याचा ब्रश भिंतीवरच थांबला.

"म्हणून परीक्षेत काठावर पास!" वकील म्हणाला.

माळ्यावर जाऊन त्यांनी बघितलं. नळांना हात लावला, झरोके उघडले. थोरलीनं एक बोट ओलं करून हवेत धरलं आणि वारा कुठून कुठे जातो ते पाहिलं. "इथे वाळेल," ती म्हणाली. "घट्ट पिळून आणलं तर एका दिवसात वाळेल."

राहिली घरमालकीण. तिच्याकडे वकील गेला, तोही आपण होऊन, तो गुडघ्यापर्यंतचा स्वेटर घालून. काय बोलला ते कुणाला कळलं नाही, पण अटी घेऊनच परत आला. झरोके सदैव उघडे. टपकतं काही वर न्यायचं नाही. चादरी, जाड टॉवेल आणि नर्सचे गणवेश ड्रायरमध्ये, बाकी सगळं वर. भिंतीवर एक जरी ठिपका दिसला तर खेळ खलास. "आणि दुपारी दोन तास कुणीही वर पाय वाजवायचे नाहीत," त्यानं पुस्ती जोडली. "ही अट माझी. अशिलाच्या झोपेसाठी."

थोरलीला वाटलं होतं की आपल्याला हे जड जाईल. तसं फारसं गेलं नाही. पायजमा काही दिवस गारच लागला आणि एकदोनदा तिनं चोरून मोजे तळघरात फिरवलेही. झाडवाल्यानं बघितलं, पण चिठ्ठी काही डकवली नाही. उलट आता तो दिवा मालवण्याआधी विचारायचा, "कुणी वाचतंय का?" घरी यंत्र आलं तेव्हा आईनं फोन करून आवाज ऐकवला, बोलायला तिला वेळच नव्हता, कारण बघायला सगळी आळी जमली होती. दोन दिवसांनी सविस्तर बोलली तेव्हा म्हणाली की छान आहे, पाठीला आराम आहे, फक्त वरची खोली फारच मोठी वाटायला लागलीय, बोललं की आवाज घुमतो. "आता आत्याला राहायला बोलावू," बाबा मागून म्हणाले, "तिचा आवाज पुरेल."

महिनाभरानं घरमालकीण तपासणीला आली. विजेरी घेऊन थेट माळ्यावर. चौघं खाली जिन्याशी उभे, श्वास रोखून. वर तिच्या पावलांचा आवाज या टोकाला, मग त्या टोकाला. बाई खाली उतरली, तडक बाहेर गेली आणि दारात ठेवलेलं एक भलंमोठं गाठोडं ओढत आत आली. तिच्या घरातले पडदे. मखमली, ओले, मणभर वजनाचे.

"माझ्याकडे माळा नाही," ती जरा ओशाळून म्हणाली. "वाळतील का वर?"

"इतकं वजन दोऱ्या पेलणार नाहीत," झाडवाला गाठोडं उचलून बघत म्हणाला. "तुमच्याच भल्यासाठी सांगतो, हे तळघरातच टाका."

"मखमल ड्रायरमध्ये?" थोरली ओरडली. "गोळा होईल त्याचा! दोन दोऱ्यांवर विभागून टाकू. धर तिकडून."

"दोरी तुटली तर?"

"डोंगर चढायची दोरी ना रे ती? माणूस पेलते, पडदा नाही पेलणार?"

"माणूस इतका ओला नसतो!"

वकिलानं मधला भाग खांद्यावर घेतला, नर्स दिवा लावायला पुढे गेली, आणि जिना चढताना त्या दोघांचं भांडण चालूच राहिलं. घरमालकीण खाली कठड्याला धरून उभी होती. "अहो, झटकून टाका हं!" तिनं खालून ओरडून सांगितलं.